मधला स्पीकर

गेल्या महिन्यात सांगलीहून भाच्याचा फोन आला. आपाचं घर नव्यानं बांधून झालंय, हॉल मोठा काढलाय आणि आता तिथं होम थिएटर बसवायचं चाललंय. भाचा नुकताच नोकरीला लागलेला. चार पगार साठवून दुकानातून कोटेशन आणलेलं. त्यातली एक ओळ त्याला खटकत होती.

“मामू, हा सेंटर स्पीकर खरंच लागतो का? डावा-उजवा चांगला घेतला तर भागतं ना? पुरानंतर तुम्हीच नानांना तसं सांगितलं होतं.”

हो, मीच सांगितलं होतं. आज तोच प्रश्न आला तेव्हा दोन मिनिटांत उत्तर देता येईना. “उद्या बोलतो,” म्हणालो आणि फोन ठेवला. जे फोनवर सांगता आलं नाही ते इथं लिहितोय.

माझ्या पहिल्या नोकरीच्या पैशांतून २००४ साली सांगलीच्या घरात सेट आला. पाच स्पीकर आणि एक सबवूफर, ज्याला ५.१ म्हणतात तो. पुढे डावा आणि उजवा, मध्ये टीव्हीखाली सेंटर, मागे दोन छोटे, कोपऱ्यात सबवूफर. अब्बांना फार कौतुक. गल्लीतल्या पोरांना बोलावून ते डीव्हीडी लावायचे आणि हेलिकॉप्टर मागून पुढे गेलं की आमच्याकडे बघून हसायचे.

बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. सोफ्याच्या बरोबर मध्ये अब्बा. त्यांच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला पाहुणा असेल तर पाहुणा, नाहीतर उशी. आपा खाली चटईवर. आणि अम्मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याजवळ, पाटावर. हातात लसूण नाहीतर मेथीची जुडी, एक कान कुकरच्या शिट्टीकडे. सोफ्यावर बस म्हटलं तर म्हणायची, “मैं इधरीच ठीक हूं.” मग कुणी दुसऱ्यांदा म्हणत नसे.

पण सिनेमाची खरी शौकीन तीच. तिच्या लग्नाच्या आसपासच्या काळात ‘शोले’चे संवाद रेकॉर्डवर आणि कॅसेटवर मिळायचे. चहाच्या टपरीवर, लग्नाच्या मांडवात गाण्यांऐवजी संवाद वाजायचे. अम्मीनं पिक्चर एकदाच पाहिला, पण मामूंच्या टेपवर ऐकून ऐकून तिला तो पाठ. पात्रागणिक आवाज बदलून म्हणून दाखवायची. नाचगाण्यापेक्षा तिला बोलणं आवडायचं. कोण कुणाला काय बोललं, कसं बोललं, उलट उत्तर काय आलं. ऐतिहासिक पिक्चरमधलं जड उर्दू कळलं नाही तर अब्बांना अर्थ विचारायची. अब्बाही हौसेनं सांगायचे.

मग ऑगस्ट २०१९ आला. सांगलीकरांना वेगळं सांगायला नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली आणि आमच्या घरात कमरेइतकं पाणी आलं. आदल्या रात्री अब्बांनी आणि शेजारच्या पोरांनी टीव्ही, रिसिव्हर, गाद्या, कागदपत्रं माळ्यावर चढवली. डावा-उजवा स्पीकर भिंतीला उंच लावलेले, ते वाचले. शोकेसच्या खालच्या कप्प्यातला सेंटर आणि कोपऱ्यातला सबवूफर लक्षातच राहिले नाहीत. पाणी ओसरल्यावर सेंटरची पेटी उचलली, तर तळाचं लाकूड बिस्किटासारखं गळून पडलं. आतून गाळ निघाला.

घरात त्याहून मोठी नुकसानं होती. लग्नाचा अल्बम गेला, तांदळाचं पोतं गेलं, अम्मीची शिलाई मशीन गेली. स्पीकरचं कोण रडणार? सगळं धुऊन-वाळवून झाल्यावर मी साताऱ्याहून गेलो, रिसिव्हर जोडला आणि सेटिंगमध्ये सेंटरच्या पुढे ‘नाही’ निवडलं. तसं केलं की मधल्या स्पीकरचा आवाज रिसिव्हर डाव्या-उजव्यात सारखा वाटून देतो. अब्बा सोफ्यावर मध्ये बसले, बातम्या लावल्या. बाईचा आवाज टीव्हीच्या बरोबर मधून येतोय असं वाटलं.

अब्बा म्हणाले, “अरे, ये तो बीच में से आ रहा है!”

मी फुशारलो. दोन्ही स्पीकरमधून तोच आवाज, तेवढाच, त्याच क्षणी कानावर आला की मेंदूला तो मधून आल्यासारखा वाटतो. त्याला आभासी मध्य म्हणतात. तेव्हा मी साताऱ्यात दोन स्पीकरवर गाणी ऐकणाऱ्या मंडळींत नवा नवा रमलेलो होतो. सेंटर म्हणजे कंपन्यांनी विकायला काढलेला जास्तीचा डबा, असं आमचं ठाम मत. अब्बांना पटावं म्हणून मी मिरजेचं उदाहरण दिलं. “दर्ग्यातलं गाणं आठवा. मागे दोन बाजूंना दोन तानपुरे, आणि सूर कसा मध्ये उभा राहतो!” अब्बांची मान डोलली. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात, जिथं अब्दुल करीम खाँसाहेब विसावलेत, तिथलं उरुसातलं गाणं ते कधी चुकवत नसत.

पुरानंतर अम्मीनं सिनेमा बघणं सोडलं.

एकदम नाही सोडलं. आधी विचारायची, “क्या बोल्या उने?” अब्बा सांगायचे. पाच मिनिटांनी पुन्हा विचारायची. मग अब्बा “श्श, ध्यान से सुन” म्हणायला लागले. ईदला मी गेलो होतो तेव्हा मीही हाताचा पंजा दाखवून तिला गप्प केलेलं मला आठवतं. विलनच्या मरणाचा सीन होता. त्यानंतर तिनं विचारणं बंद केलं. पुढे टीव्ही लागला की आत जाऊन पडायची. कुणी हाक मारली तर म्हणायची, “मेरेकू नै अच्छा लगता अब.”

आम्ही याला पुराचा धक्का म्हणालो. शिलाई मशीन गेली, अल्बम गेला, मन उडालं असेल. आपा म्हणाली, वय झालं. अब्बा म्हणाले, अल्लाकडे लक्ष लागलंय, चांगलंच आहे. कारणं सगळ्यांकडे होती आणि सगळी मोठी मोठी होती.

२०२२ च्या हिवाळ्यात अब्बा गेले. इद्दत संपल्यावर अम्मी साताऱ्यात माझ्याकडे आली. आमचा हॉल लहान, पण स्पीकर चांगले, मी चार वर्षं पैसे साठवून घेतलेले. दोनच. अम्मीला आम्ही सोफ्याची मधली जागा देऊ केली. दोन दिवस बसली, पाहुण्यासारखी. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या दाराजवळ स्टूल घेऊन बसली. हातात लसूण.

तेच सुरू झालं. लेक तिला मोबाईलवरचं काही दाखवायची, तेव्हा अम्मी खळखळून हसायची. टीव्हीवर पिक्चर लागला की उठून जायची. एकदा मीच खोदून विचारलं, तेव्हा म्हणाली, “म्युझिक सुनता है रे. बात समझती नै.”

कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी काचेच्या खोलीत बसवून तपासणी केली आणि आलेख दाखवला. खालचे आणि मधले सूर ठीक, वरचे सूर उतरलेले. वयाच्या मानानं नेहमीचं आहे, मशीनची घाई नको, म्हणाले. समोर बसून बोललेलं तिला सगळं कळत होतंच. मला वाटलं, झालं निदान. कान आहेत, काय करणार.

पुढचं निव्वळ पाठदुखीमुळे घडलं. गॅस सिलिंडर उचलताना कंबर धरली आणि आठवडाभर मला सोफ्यावर बसता येईना. जमिनीवर गादी टाकली, ती जागा मिळेल तिथं, म्हणजे अम्मीच्या स्टुलाशेजारी. रात्री लेकीनं पिक्चर लावला. पाच मिनिटांत मीच म्हणालो, “काय म्हणाला तो?”

लेक सोफ्यावरून म्हणाली, “श्श, बाबा!”

स्टुलावरून अम्मीनं माझ्याकडे पाहिलं. बोलली काहीच नाही.

दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना, मी कंबर सांभाळत हॉलभर सरकून ऐकलं. सोफ्याच्या मध्यावर आवाज टीव्हीतून येत होता. दीड फूट डावीकडे सरकलो, तर डाव्या स्पीकरकडे कलला. अम्मीच्या जागेवर गेलो, तर उजवा स्पीकर असून नसल्यासारखा. सगळं बोलणं डाव्या डब्यात कोंबलेलं, त्याच डब्यात संगीत, पाऊस, गाड्यांचे हॉर्न. आणि तो डबा सोफ्याकडे तोंड करून बसवलेला, म्हणजे अम्मीकडे त्याची कूस.

यामागचं गणित अवघड नाही. आवाज एका मीटरला साधारण तीन मिलिसेकंद घेतो. अम्मीचं स्टूल डाव्या स्पीकरपासून तीन फुटांवर, उजव्यापासून नऊ फुटांवर. सहा फुटांच्या फरकामुळे डाव्याचा आवाज पाच मिलिसेकंद आधी पोचतो. आपला मेंदू जो आवाज आधी येतो त्याच्याच दिशेला सगळं ढकलतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १९४९ मध्ये यावर प्रबंध लिहिला, म्हणून त्याला हास परिणामही म्हणतात. म्हणजे आभासी मध्य ही फक्त एका खुर्चीची सोय आहे. बाजूला बसणाऱ्यासाठी तो मध्य नसतोच.

दुसरी गोष्ट व्यंजनांची. साथ, हाथ, बात, रात. चारही शब्दांत ‘आ’ मोठ्यानं ऐकू येतो, पण अर्थ ठरतो पहिल्या बारीक आवाजावर. हे स, श, फ, थ, च असे आवाज वरच्या सुरांत असतात आणि फार हळू असतात. वय वाढलं की आधी तेच जातात. स्पीकरमधले वरचे सूरही समोर सरळ जातात, कुशीला कमी पसरतात. त्यातच एकच बोलणं दोन स्पीकरमधून मागेपुढे आलं की काही सूर एकमेकांना खातात. हे सोफ्याच्या मध्यावरही थोडं होतंच, कारण प्रत्येक कानाला लांबचा स्पीकर किंचित उशिरा ऐकू येतो आणि दोन हजार हर्ट्झच्या आसपास, म्हणजे नेमका जिथं बोलण्याचा स्पष्टपणा असतो तिथं, खड्डा पडतो. तरुण कान तो भरून काढतो. अम्मीचा कान उतरलेला होता हे खरं, पण उरलेलं मी काढून घेतलं होतं.

सिनेमावाल्यांना हे फार आधीपासून ठाऊक आहे. २७ एप्रिल १९३३ ला फिलाडेल्फियात ऑर्केस्ट्रा वाजत होता आणि वॉशिंग्टनच्या सभागृहात लोक तो टेलिफोनच्या तारांवरून ऐकत होते. बेल लॅबच्या हार्वे फ्लेचर यांच्या मंडळींनी रिकाम्या मंचावर त्यासाठी तीन स्पीकर ठेवले होते. डावा, मधला, उजवा. सभागृह मोठं आणि लोक सगळीकडे बसलेले, तर मधला आवाज मध्येच राहायला हवा, हा विचार तेव्हापासूनचा. घरात मात्र दोनच आले. १९५८ च्या सुमारास स्टिरिओ एलपी आली, तिच्या खाचेला भिंती दोन, म्हणून आवाजाचे प्रवाह दोन. थिएटरनं मधला स्पीकर सोडला नाही. पडद्याला बारीक भोकं असतात आणि बोलणं त्या पडद्यामागून येतं. पहिल्या रांगेच्या कोपऱ्यात बसलेल्यालाही हिरो पडद्यावरूनच बोलताना ऐकू येतो. साध्या मोनो टॉकीजमध्येही पडद्यामागे मध्येच स्पीकर. अम्मीच्या मामूंच्या टेपला तर एकच स्पीकर होता. त्यावर तिनं अख्खा ‘शोले’ पाठ केला.

आणि मिरजेचं माझं उदाहरण! दोन तानपुरे बाजूंना असतात हे खरं. मिरजेच्या सतारमेकरांच्या पिढ्या ते तानपुरे घडवत आल्या, २०२४ मध्ये त्या तानपुऱ्याला आणि सतारीला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण गवई कुठे बसतो? तो त्या दोघांच्या मध्ये स्वतः बसतो. दोन तानपुरे ठेवून मधली जागा रिकामी सोडली आणि गाणं आपोआप उभं राहील म्हणून वाट पाहिली, असं कुठल्या मैफलीत होतं? अब्बांनी मान डोलावली, कारण ते मधल्या जागेवर बसले होते.

सेंटर आणताना मी घाई केली नाही. ओळखीच्या दुकानदारानं दोन पेट्या चार दिवस वापरून बघायला दिल्या. पहिली नेहमीसारखी लांबुडकी, आडवी. मध्ये छोटा ट्वीटर, दोन बाजूंना दोन वूफर. ती टीव्हीखाली शोभून दिसते, पण बाजूला बसणाऱ्याला दोन वूफरचे आवाज मागेपुढे पोचतात आणि बोलणं पोकळ होतं. म्हणजे ज्याच्यासाठी आणायची त्यालाच कमी उपयोगाची. दुसरी साधी, उभी, छोटी पेटी होती. टीव्ही वीतभर वर सरकवला आणि ती खाली उभी केली. कप्प्याच्या आत नाही, कडेला पुढे काढून, तोंड किंचित वर. डाव्या-उजव्याच्याच कंपनीची घेतली, म्हणजे माणूस पडद्यावर चालत गेला तर त्याचा आवाज मध्येच बदलणार नाही. रिसिव्हरमध्ये ‘सेंटर’पुढे ‘आहे’ केलं, आणि त्याची पातळी मोजून लावली ती सोफ्यावरून नव्हे, स्टुलावरून. वर दोन डेसिबल अजून दिले. आता मधल्या जागेवर बसलं की बोलणं जरा जास्तच पुढे आल्यासारखं वाटतं. वाटू दे.

त्या रात्री जुना पिक्चर लावला. जुना मोनो आवाज दोन स्पीकरमधून सारखाच येतो, त्यामुळे रिसिव्हरला तो मध्ये पाठवायला सांगावं लागतं, ते केलं. अम्मीला काही सांगितलं नव्हतं. ती लसूण सोलत होती. दहाएक मिनिटांनी हात थांबले. मग नायिकेच्या बापानं काहीतरी तोडून बोललं, आणि नायिकेनं उत्तर द्यायच्या आधी अम्मीनं ते उत्तर म्हटलं. हळूच, स्वतःशी. शब्दन् शब्द.

इंटरव्हलला माझ्याकडे वळून म्हणाली, “तेरे अब्बा को मैं कितनी बार पूछी रे. उनको लगता था मैं बहरी हो गई.” थोड्या वेळानं म्हणाली, “मेरेकू भी वैसाच लगा.”

यावर मला बोलता आलं नाही. अजूनही आलेलं नाही. तीन-चार वर्षं एक बाई स्वतःला बहिरी समजून घरात वावरली आणि तिच्या कानापेक्षा जास्त दोष सेटिंगमधल्या एका ‘नाही’चा होता. ते ‘नाही’ माझ्या बोटानं दाबलेलं. अब्बांना हे कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्याच दिवशी सेंटर आणला असता, याची मला खात्री आहे. त्यांना कळायला मार्गच नव्हता. ते ज्या जागेवर बसत तिथं सगळं उत्तम ऐकू येत होतं.

याच रमजानमध्ये तरावीहसाठी बायकांची सोय आमच्याकडे एका हॉलमध्ये केली होती, वेगळ्या मजल्यावर. वायर ओढून एक छोटा भोंगा लावलेला. एका रात्री तो मध्येच खरखरला आणि बंद पडला. अम्मी घरी येऊन सांगत होती, “सजदे में से उठना कब, कुछ समझाच नै.” जुन्या काळी मोठ्या जमातीत इमामाची तकबीर मागच्या सफीपर्यंत पोचवायला मुकब्बिर उभा असायचा, मोठ्यानं पुन्हा म्हणणारा. शेवटच्या माणसाला ऐकू गेलं पाहिजे, ही काळजी आपल्याकडे होतीच. खाली पहिल्या सफीत मी होतो. भोंगा बंद पडल्याचं आम्हाला घरी आल्यावर कळलं. दुसऱ्या दिवशी मी वायर बदलून दिली आणि वरच्या हॉलमध्ये जाऊन, शेवटच्या चटईवर बसून, आवाज तपासला. हे करायला मला पन्नाशी गाठावी लागली.

भाच्याला दुसऱ्या दिवशी फोन केला. आधी त्याच्या कामाचं सांगितलं. एकटाच बघणार असशील, बरोबर मध्ये बसणार असशील, तर सेंटर नको, त्या पैशांत डावा-उजवा आणखी चांगला घे. काचेच्या कप्प्यात कोंबणार असशील तरी नको, वाईट सेंटरपेक्षा नसलेला बरा. पैसे कमी पडत असतील तर मागचे दोन पुढच्या वर्षी घे, सबवूफरही थांबू शकतो. हेलिकॉप्टर मागून आलं नाही म्हणून कुणाचा पिक्चर चुकत नाही. आणि पैसे देण्याआधी एक कर. बातम्या लाव, आणि घरातला प्रत्येक माणूस जिथं खरोखर बसतो तिथं जाऊन पाच-पाच मिनिटं ऐक.

“आम्ही सगळे सोफ्यावरच बसतो, मामू. मोठा घेतलाय.”

“आणि तुझी अम्मी?”

तो थोडा थांबला. “अम्मी आतबाहेर करत असते. ती टीव्ही फारसा बघतच नाही. तिला आवडत नाही.”

“कधीपासून?” मी विचारलं.